किरकोळ खात्यातला गडी

आमच्या सोसायटीत एक निवृत्त इंजिनियर आहेत. जिन्यात भेटले की दर वेळी विचारतात, "काय मॅडम, सापडलं का तुमचं नाटक?" चष्मा हरवलेल्या माणसाला विचारावं त्या सुरात. मी म्हणते, "नाही." ते म्हणतात, "सापडेल हो, जातंय कुठे? कपाटामागे बघितलंत का?" पुण्यात राहायचं तर एवढं सोसावं लागतं.

मी नोकरीची सगळी वर्षं एका कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि उरलेल्या वेळात चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये हरवलेलं एक विनोदी नाटक शोधलं. नाटकाचं नाव इथे देत नाही. नावावरून तुम्हाला काही कळणार नाही. मलाही अजून कळलेलं नाही.

हा उद्योग नेमका काय असतो ते आधी सांगते. एलिझाबेथ राणीच्या काळात लंडनला नाटकांचा सुकाळ होता. सतत नवी नाटकं लागायची, जुनी मागे पडायची. त्यांतली बरीचशी कधी छापलीच गेली नाहीत. हाताने लिहिलेल्या एकदोन प्रती असत. त्या भिजल्या, जळल्या, चूल पेटवायला गेल्या. पण एका नाटकगृहाच्या मालकाची हिशोबाची वही मात्र टिकली, आणि आता ती छापील स्वरूपात कुणालाही वाचता येते. त्या वहीत माझं नाटक आहे. म्हणजे लेखकाला आधी उचल दिली, मग बाकीचे पैसे दिले, शिंप्याला कपड्यांचे दिले, प्रयोगाच्या परवानगीसाठी सरकारी अधिकाऱ्याला दिले, मग कुठल्या दिवशी दारावर किती गल्ला जमला, हे सगळं आहे. आणि एके दिवशी त्या नाटकाचं नाव वहीतून नाहीसं होतं. नाटकातलं एक वाक्य कुठे शिल्लक नाही. मांडववाल्याचं बिल आहे, आचाऱ्याचं आहे, बँडवाल्याचंही आहे. फक्त लग्न कुणाचं होतं ते माहीत नाही, अशातली गत.

मग आम्ही अभ्यासक त्या बिलांवरून नवरा-नवरी शोधत बसतो. त्या नाटकासाठी शिवलेल्या एका हिरव्या कोटावर मी दोन निबंध लिहिलेले आहेत. दोन्हींतलं म्हणणं एकमेकांच्या विरुद्ध आहे आणि दोन्हींची वाहवा झाली.

निवृत्तीनंतर 'जुन्या नाटकांचे हिशोब वाचणाऱ्या बाई' अशी माझी थोडीफार ख्याती झाली आणि दारी चित्रविचित्र माणसं येऊ लागली. एक बिल्डर आले. त्यांचं गाव आता महापालिकेत आलंय आणि शेतात त्यांच्याच इमारती उभ्या आहेत. त्यांनी गावच्या जत्रा कमिटीचे जुने कागद पिशवीत भरून आणले होते. "आमचे आजोबा नाटकात हिरो हुते, मॅडम. ह्यात लिवलेलं हाय. तेवढं आम्हाला शोधून द्या." घराण्याचं पुस्तक काढायचं होतं त्यांना. मी सगळे कागद वाचले. आजोबांचं नाव दर वर्षी होतं, पण ते नाटक मंडळींना स्टेशनवरून आणल्याबद्दल दिलेल्या गाडीभाड्यापुढे. कसं सांगावं या विचारात मी दोन दिवस घालवले. शेवटी सांगितलं. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजी आमची गाडी नसती तर नाटक गावात आलंच नसतं की! बैल बी आमचेच!" दुसऱ्या दिवशी घरी पेढे आले.

असंच सगळं हसण्यावारी गेलं असतं तर बरं होतं. पण मग मालतीबाई आल्या.

कसब्यातल्या एका छोट्या सभागृहात माझं व्याख्यान होतं, विषय अर्थात माझं हरवलेलं नाटक. श्रोते मोजकेच, त्यातले निम्मे पंख्याखाली डुलकी काढायला आलेले. पहिल्या रांगेत एक वृद्ध बाई कानामागे हात धरून ऐकत होत्या. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर त्या, ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं बोलतात तशा, मोठ्यांदा म्हणाल्या, "बाई, तुम्ही साहेबाचं नाटक शोधताय ते ठीक आहे. ते सापडलं तरी बघायला कोण आहे? मी आहे अजून. माझं शोधा."

मालतीबाई तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीत होत्या. कंपनी अगदी शेवटच्या काळातली, कर्ज काढून सण साजरा करणारी. त्या कंपनीचा 'पोटदुखे मामंजी' नावाचा फार्स गावोगाव चालला होता. जावई डॉक्टर असल्याची थाप मारून लग्न जमवतो आणि सासरेबुवा पोट धरून त्याच्याचकडे उपचाराला येतात, अशी गोष्ट. पात्रं चारच: मामंजी, जावई, लेक आणि घरचा गडी. मालतीबाई लेकीचं काम करत. लेखक म्हणजे कंपनीचे मॅनेजरच. नाटक कधी छापलं गेलं नाही. कंपनी बुडाली तसा फार्सही बुडाला.

"डॉक्टर म्हणालेत, वर्षभरात ऐकू यायचं अगदी बंद होईल," त्या मला कसब्यातल्या त्यांच्या माडीवरच्या खोलीत म्हणाल्या. खाली तांब्याच्या भांड्यांचं दुकान आहे आणि दिवसभर ठोकाठोक चालू असते. "ही ठोकाठोक बंद होईल त्याचं सुखच आहे. पण त्याआधी फार्स एकदा सबंध ऐकायचाय मला. मी तो सबंध कधी वाचलेलाच नाही हो."

हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण खरं आहे. पूर्वी कंपन्यांमध्ये प्रत्येक नटाला अख्खं नाटक देत नसत. हाताने इतकं उतरवणार कोण? प्रत्येकाला फक्त त्याची स्वतःची वाक्यं मिळत, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याचे शेवटचे दोनतीन शब्द, म्हणजे कधी बोलायचं ते कळावं. या कागदांना नक्कल म्हणत. माझ्या लंडनच्या नटांनाही अगदी असेच कागद मिळत. वर्गात हे मी कित्येक वर्षं शिकवलं होतं, पण नक्कल हातात घेतली ती मालतीबाईंच्या खोलीत पहिल्यांदा. घड्या पडून तिचे चार तुकडे झाले होते आणि ते त्यांनी दाराच्या कडीत अडकवायच्या पिशवीत जपून ठेवले होते.

बाकीच्या तिघांच्या नकला मिळाल्या तर चारी जोडून नाटक उभं राहणार होतं. त्यासाठी ती कामं कोणी केली ते कळायला हवं. मालतीबाईंना नावं अर्धवट आठवत होती, कारण कंपनीत सगळे एकमेकांना भूमिकेच्याच नावाने हाक मारत. मी म्हटलं, "कंपनीचे हिशोब असते तर..." त्या म्हणाल्या, "मग आहेतच की. मॅनेजरांचा नातू मार्केट यार्डात आडत करतो. जाऊन मागा."

शिरीष त्या नातवाचं नाव. कांद्याच्या पोत्यांमधून वाट काढत मी त्याच्या गाळ्यावर पोचले. नाटकाचं हस्तलिखित? छे, ते कधीच रद्दीत गेलं. मॅनेजरांच्या टोप्या, रंगाची पेटी, फोटो? काही नाही. "पण हिशोबाच्या वह्या आहेत, मॅडम," तो म्हणाला. "त्या कशा टाकणार? लक्ष्मीपूजनाला पूजा झालीये त्यांची."

लंडनच्या त्या मालकाची वही का टिकली याची कारणं विद्वान मंडळी देतात, पण इथलं कारण वहीच्या पहिल्याच पानावर होतं. श्री, स्वस्तिक, आणि हळदीकुंकवाचे वाळलेले डाग. पूजा झालेली वही टाकत नाहीत. नाटकाची पूजा कुणी केली नव्हती, म्हणून ते रद्दीत गेलं.

प्रत्येक प्रयोगाला नटांना मिळणाऱ्या पैशाला नाटकवाले 'नाइट' म्हणतात. वहीत प्रत्येक नाइटचा हिशोब होता. त्यावरून जावयाचं काम करणारे गृहस्थ कळले. ते गेले होते, पण त्यांच्या पत्नीने ट्रंकेतून नक्कल काढून दिली आणि वर चहा पाजला. मामंजींचं काम करणारे पुढे पोस्टात लागले होते. त्यांच्या मुलाने नक्कल फ्रेम करून भिंतीवर टांगली होती आणि तो ती काढून द्यायला तयार नव्हता. तेव्हा मी भिंतीसमोर उभी राहून उतरवून घेतली. तीन नकला झाल्या. राहिला गडी.

नाइटच्या खात्यात गड्याचं नाव कुठेच नव्हतं. माझा पहिला तर्क असा झाला की गड्याचं काम मॅनेजर स्वतःच करत असणार. मालकाला नाइट कोण देणार? सवयीप्रमाणे मी एक टिपणही लिहून टाकलं. पण तिन्ही नकला शेजारी ठेवल्या तेव्हा आणखी काहीतरी विचित्र दिसलं. एकमेकांसाठीचे दोनतीन शब्द सगळीकडे चोख होते. मात्र जिथे गड्याच्या बोलण्यानंतर बोलायचं, तिथे तिघांच्याही नकलेत त्याचे शब्द नव्हतेच. तिथे एवढंच लिहिलेलं होतं: 'हशा ओसरल्यावर'.

मी मालतीबाईंना विचारलं.

"मग काय लिहिणार?" त्या म्हणाल्या. "तो रोज वेगळं बोलायचा. पदरची वाक्यं नुसती. मॅनेजर फक्त सांगायचे, आता मामंजी निजलेत, लेक रडतेय, तू आत जा आणि बघ. आणि तो यायचा हो! आम्हाला तोंडात पदर कोंबून उभं राहावं लागायचं. त्याला नक्कलच नव्हती."

"म्हणजे गड्याचं काम मॅनेजर करत नव्हते?"

"मॅनेजर? ते रडवायला बरे होते. गडी येरवड्याहून यायचा. जलशात काम करणारा माणूस होता. मॅनेजरांनी तिथे बघून आणला."

"नाव काय त्यांचं?"

त्या बोलायला गेल्या आणि थांबल्या. पुन्हा बोलायला गेल्या. खाली दुकानात ठोकाठोक चालूच होती. "आम्ही गडीच म्हणायचो," त्या शेवटी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "आमच्यात चहाला बसायचा नाही तो. कपबशी घेऊन मागच्या दाराशी जायचा. मला वाटे, विडी ओढायची असेल."

मला तसं वाटलं नाही. मी येरवड्याची. माझे वडील कारखान्यात कामगार होते आणि आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. जलसा म्हणजे आमच्याकडे गाण्यांतून, गोष्टींतून आणि टवाळीतून बाबासाहेबांचा विचार सांगणारे मेळे. त्यातला विनोदी माणूस किती तिखट असे ते मी घरात ऐकलं होतं. आणि कपबशी घेऊन मागच्या दाराशी का जावं लागतं, तेही.

वह्या मी पुन्हा उघडल्या. या वेळी 'किरकोळ' खातं वाचलं. आमच्या अभ्यासात किरकोळ कुणी वाचत नाही, कारण त्यात तेलवात, नारळ आणि सुतळी असते. नारळाच्या खाली आणि सुतळीच्या वर तो होता: 'गडी, येरवडा'. प्रत्येक प्रयोगाला. पण रक्कम दर वेळी निराळी. बाकीच्यांच्या नाइट ठरलेल्या. याची कधी जास्त, कधी कमी, एकदा सांगलीला दुप्पट, आणि कुठल्याशा तालुक्याच्या गावी चहापुरती.

"अहो, मॅनेजर विंगेत उभे राहून अंदाज घ्यायचे," मालतीबाई म्हणाल्या. "लोक किती हसले त्या मानाने द्यायचे त्याला."

'पोटदुखे मामंजी'मधला खरा फार्स कुणी लिहिलाच नव्हता. त्याची एकच नोंद जगात शिल्लक होती, ती म्हणजे किरकोळ खात्यातले ते कमीजास्त आकडे. सांगलीला लोक खूप हसले एवढं मी आज छातीठोकपणे सांगू शकते. कशाला हसले ते सांगू शकत नाही. आणि माझ्या लंडनच्या नाटकातही असा एक विदूषक असणार, तिथेही तो पदरचं बोलत असणार. उद्या ते हस्तलिखित खरोखर कपाटामागे सापडलं तरी त्यात नेमकं हेच नसणार. एवढी वर्षं मी कशाच्या मागे होते, असं वाटून मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

येरवड्यात शोध लागायला वेळ लागला नाही. माझ्या भावाने विहारात दोनचार वयस्क माणसांना विचारलं आणि नाव आलं: दामोदर सोनवणे, दामूअण्णा. कंपनी बंद पडल्यावर ते गोदामात कामाला लागले. वारूनही बरीच वर्षं झाली.

दामूअण्णा आमच्या गल्लीत राहायचे.

संध्याकाळी ते विहारासमोरच्या कट्ट्यावर बसत आणि भोवती माणसं जमत. मी मॅट्रिकच्या तयारीला लागले होते. बाहेरून हसण्याचे लोटच्या लोट यायचे. आई पोळ्या लाटता लाटता उठायची आणि खिडकी लावून घ्यायची. "पोरगी इंग्रजीचा अभ्यास करतेय, आणि यांचं चाललंय खिदळणं!" तिचं काय चुकलं? माझ्या इंग्रजीवर सगळ्या घराची आशा होती. पण आता मी कितीही डोळे मिटून आठवायला बसले तरी खिडकीपलीकडचं एक वाक्य आठवत नाही. फक्त हशा आठवतो.

त्यांची मुलगी कुसुमताई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. मी गेले तशी "जय भीम ताई, या" म्हणून तिने आत घेतलं. बाबांनी काही लिहून ठेवलंय का, विचारल्यावर ती हसली. "लिहिणारे नव्हते ते. कालचं आज पुन्हा म्हणा म्हटलं तर चिडायचे. शिळं खायला देता का, म्हणायचे." मग तिने विचारलं, "तुम्ही म्हणता त्या वहीत बाबांचं नाव आहे ना?"

एवढ्या वर्षांत बिलं वाचून लोकांना मी खूप काही सांगितलं. बिल्डरला गाडीवान आजोबा सांगितले. हे सांगणं मात्र फार जड गेलं. "नाही," मी म्हटलं. "गडी, येरवडा, एवढंच आहे."

"बरं," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

वाचन एका रविवारी दुपारी मालतीबाईंच्या खोलीवर झालं. दुकान बंद होतं, ठोकाठोक नव्हती. मामंजी शिरीषने वाचले, जावई मी, लेक अर्थात मालतीबाई. कुसुमताईला त्यांनी हाताला धरून दारापाशी खुर्चीवर बसवलं. "तू इथे बस. तो इथूनच यायचा." दुसऱ्या हाताने त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं. माझ्या जवळ बसून त्या मान तिरपी करून ऐकत होत्या आणि स्वतःची वाक्यं कागद न बघता म्हणत होत्या. थाप, पोटदुखी, नाडी बघणं, सगळं रीतसर पुढे सरकत होतं. खरं सांगते, फार्स तसा बेताचाच होता.

मामंजी निजले, लेक रडायला लागली, आणि ती जागा आली. मी ठरवल्याप्रमाणे म्हटलं, "इथे गडी बोलतो."

"तुम्ही कशाला मधे बोलता?" मालतीबाई खेकसल्या. "त्याला बोलू द्या."

त्या दाराकडे बघत होत्या. आधी काहीच झालं नाही. मग त्यांचे ओठ थरथरले, पदर तोंडाकडे गेला, खांदे हलायला लागले, आणि त्या वयाची बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. हसू ओसरलं, तसे त्यांनी डोळे पुसले आणि अगदी वेळेवर, नकलेत होतं तेच वाक्य टाकलं, "अगबाई, बाबा उठले वाटतं!"

वाचन संपल्यावर कुसुमताईने त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "आजी, काय म्हणाले हो माझे बाबा?"

मालतीबाईंनी तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "अगं, इतक्या जवळ बसून तुला ऐकू नाही आलं?"

मी चारी नकला नव्याने उतरवून शिरीषला दिल्या आहेत. गड्याची नक्कल म्हणजे एकच कोरा कागद. त्याच्या डोक्यावर कुसुमताईने स्वतःच्या हाताने 'दामोदर सोनवणे' असं लिहिलं आहे. येत्या लक्ष्मीपूजनाला हे सगळं तो गाळ्यावर, नव्या वह्यांच्या शेजारी पाटावर मांडणार आहे. मी पूजा करत नाही, कुसुमताईही करत नाही. मी तिला विचारलं, चालेल ना?

"पूजा झालेलं टाकत नाहीत ना ते लोक?" तिने विचारलं.

"नाही टाकत."

"मग ठेवू द्या."